जाळीपलीकडची टाकी

“माझी टाकी मला परत दे,” असं ताईने भर वर्गात म्हटलं तेव्हा बाई फळ्याकडे तोंड करून उभ्या होत्या. हातातला खडू मोडला. वर्गातल्या लोकांना वाटलं, या कोणी शेजारीण असतील, गच्चीवरच्या टाकीवरून काही तंटा असेल, चुकून वाचनालयाच्या या वरच्या खोलीत शिरल्या असतील. पण बाईंना मागे न वळताच कळलं. तो आवाज त्या जन्मल्यापासून ऐकत होत्या. बाईंचं पुस्तक आल्यापासून मात्र तो फोनवर “बरी आहेस ना? बरं,” याच्या पुढे सरकला नव्हता.

आता टाकी कुठली, ते सांगायला हवं. बाई म्हणजे कवयित्री. उभं आयुष्य कविता लिहिल्या, पण त्या कोणी वाचल्या म्हणाल, तर छापणाऱ्याने, तेही नाइलाज म्हणून. मग उतारवयात एक आत्मकथन लिहिलं आणि काय सांगू, लोक तुटून पडले! सगळं कशामुळे, तर पहिल्या प्रकरणामुळे. लहानपणी अंगणातल्या पाण्याच्या टाकीत बाई पडतात. आत हिरवा काळोख, वर झाकणाएवढा गोल उजेड, कानात पाण्याची गुणगुण, आणि शेवटी कोणाचा तरी हात वरून येऊन वेणी घट्ट धरतो. तो हात कोणाचा, ते बाईंनी लिहिलं नव्हतं, कारण त्यांना आठवतच नव्हतं. समीक्षकांना तेवढंच हवं होतं. एक म्हणाला, तो हात म्हणजे नियती. दुसरा म्हणाला, छे, तो हात म्हणजे साक्षात कविता. दोघांची त्यावरून चांगली जुंपली, आणि पुस्तकाची आणखी एक आवृत्ती निघाली. पुढे ते प्रकरण शाळेच्या पुस्तकात गेलं. ‘लेखिकेला टाकीत काय दिसले?’ यावर मुलं उत्तरं लिहायला लागली.

आणि म्हणूनच बाईंकडे लोक लिहायला शिकायला येऊ लागले.

वाचनालयाने वर्गाला जी खोली दिली तिच्यात एक टेबलटेनिसचं टेबल होतं. ते दारातून बाहेर निघत नव्हतं. आत कसं आणलं होतं, देव जाणे. त्याची जाळीही निघत नव्हती, स्क्रू गंजले होते. मग बाईंनी त्या जाळीचीच पद्धत केली. एकाने जाळीच्या या बाजूला बसून आपली एक आठवण सांगायची. समोरच्याने ती ‘मी’ म्हणून लिहायची आणि मोठ्याने वाचायची. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या की आठवण लिहिणाऱ्याची झाली. सांगणाऱ्याचा तिच्यावर हक्क संपला.

“स्वतःच्या आठवणीला माणूस फार जपतो हो,” बाई म्हणायच्या. “तिला झबलं-टोपडं घालून बसवतो. दुसऱ्याची आठवण कशी, जरा मोकळ्या हाताने लिहिता येते.”

बोलायला छान होतं. बाईंनाही वाटलं होतं, गंमत आहे, चार दिवस चालेल. पण झालं भलतंच! आठवणी खरोखरच जाळीपलीकडे जायला लागल्या.

लिफ्टवाल्या काकांनी आपल्या लहानपणीच्या कुत्र्याची आठवण दातांच्या डॉक्टरांना दिली. दुसऱ्या दिवसापासून डॉक्टर पेशंटच्या तोंडात आरसा घालून हुंदके देऊ लागले, आणि काकांना कुत्रं म्हटलं की भीती वाटू लागली. डॉक्टरांनी आपण उपटलेल्या पहिल्या दाताची आठवण पार्लरवालीला दिली. तेव्हापासून ती गिऱ्हाइकाच्या भुवया कोरता कोरता मध्येच “आ करा,” म्हणते. आणि पार्लरवालीने आपलं लग्न दिलं लिफ्टवाल्या काकांना. अहो, काकांनी ते काय लिहिलं! सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आता लग्नाच्या वाढदिवशी तिचा नवरा फुलं घेऊन काकांच्या दारात उभा राहतो. काका लाजतात, पण दार उघडतात. पार्लरवाली घरी एकटी बसून विचार करते, हा मिशीवाला माझ्या घरात कधीपासून राहतोय?

तरी तक्रार कोणाचीच नव्हती, कारण सगळे लिहायला लागले होते, आणि लिहिणाऱ्या माणसाला दुसरं काय हवं असतं? वाचनालयाच्या जिन्यावर नाव नोंदवायला रांग लागायची. बाईंना आपल्या पद्धतीचा अभिमान होता. मनातल्या मनात थोडी धास्तीही होती, पण ती त्या कोणाला दाखवत नसत.

तर अशा या वर्गात ताई येऊन बसली. ताईने हयातभर लोकांना गाडी शिकवली. शिकाऊ माणूस स्टिअरिंगवर आणि ही शेजारी, पायाखाली आपला वेगळा ब्रेक घेऊन. निवृत्त होऊन वर्षं झाली, तरी तो पाय काही निवृत्त झाला नव्हता. कोणी चुकीचं बोललं की ताईचा उजवा पाय जमिनीवर आपटायचा आणि तोंडातून निघायचं, “ब्रेक!”

“कसली टाकी, ताई?” बाईंनी शक्य तितक्या थंडपणे विचारलं.

“सोंग नको. टाकीत पडले मी. तू नाही.”

“काहीतरीच काय! मला लख्ख आठवतंय. हिरवा काळोख, गोल उजेड...”

“ब्रेक!” ताईचा पाय आपटला. टेबल हललं. “पुस्तक आलं तेव्हा मी गप्प बसले. म्हटलं, जाऊ दे, धाकटी आहे, तिचं नाव होतंय. माझं काय, मी गाड्या शिकवते. पण परवा माझ्या नातीचा धडा होता. तुझा धडा. तो वाचून नात मला विचारते, ‘आजी, छोटी आजी बुडत होती, तेव्हा तू खरंच झोपली होतीस?’”

बाईंना ते वाक्य आठवलं. पहिल्याच पानावर होतं, ‘घरात ताई गाढ झोपली होती.’ दुपार शांत वाटावी म्हणून त्यांनी ते घातलं होतं. तीन-चार वेळा खोडून, चाल जुळेपर्यंत पुन्हा लिहिलं होतं. त्या वाक्याने कोणाचं काही घोडं मारलं असेल, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

“माझ्या आयुष्यात सांगण्यासारखी एकच गोष्ट घडली गं, चिमे,” ताई म्हणाली. आवाज एकदम उतरला होता. “बाकी सगळं आपलं क्लच आणि गिअर. तेवढी एकच गोष्ट, तीही तू नेलीस. आणि वर मला झोपवून ठेवलंस.”

चिमी म्हणजे बाई. वर्गाला हे नाव पहिल्यांदाच कळलं. पार्लरवालीने तोंडावर हात धरला.

बाईंना राग आला, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. टाकी गेली तर राहिलं काय? त्यांचं सगळं नाव त्या टाकीत उभं होतं. बरं, त्या खोटं बोलत होत्या का? मुळीच नाही. डोळे मिटले की पाणी दिसायचं, नाकाला त्याचा वास यायचा. कित्येक वर्षं त्या टाकीने त्यांना झोपेतून दचकून उठवलं होतं. एखादी गोष्ट माणसाला इतकी घाबरवते आणि ती आपली नाही, असं कसं होईल?

म्हणून त्यांनी नियमावर बोट ठेवलं. “हे बघ ताई, या वर्गाचा नियम आहे. जी लिहिते आणि वाचते, तिची आठवण. मी लिहिली, सगळ्यांसमोर वाचली, टाळ्या मिळाल्या. आता ती माझी. हवं तर यांना विचार.”

“नियम मला कळतो,” ताई म्हणाली. “पण नियमात सांगणारा जाळीच्या अलीकडे बसून आपल्या तोंडाने सांगतो. मी तुला कधी सांगितली? तू ती टेबलाखालून घेतलीस.”

हे ऐकताच वर्गात जीव आला. लिफ्टवाले काका म्हणाले, “मुद्दा आहे.” डॉक्टर म्हणाले, “मुद्दा आहेच, पण आठवण परत देण्याची आपल्याकडे सोय नाही.” त्यावर पार्लरवाली ताडकन उभी राहिली. “सोय नाही म्हणजे? आज ताईंना टाकी मिळाली तर मला माझं लग्न मागता येईल. काल तो मिशीवाला मला विचारत होता, तू रागावली आहेस का? आता मी काय सांगू त्याला? चेहऱ्यावरून तर चांगला वाटतो.”

काकांचा चेहरा पडला. त्यांना ते लग्न फार आवडलं होतं.

बाईंनी झटकन विचार केला. ताईने जन्मात कधी दोन ओळी लिहिल्या नव्हत्या. वाढदिवसाच्या कार्डावरसुद्धा ती फक्त तारीख टाकायची. म्हणाल्या, “ठीक आहे. रीतसर होऊ दे. मी जाळीच्या या बाजूला बसते आणि टाकी सांगते. तू लिही. वाचून दाखव. लोकांनी टाळ्या वाजवल्या तर घेऊन जा. नाही वाजवल्या तर पुन्हा टाकीचं नाव काढायचं नाही.”

“चालेल,” ताई म्हणाली आणि डॉक्टरांच्या खिशातून पेन काढून घेतलं.

बाईंनी जाळीपाशी खुर्ची ओढली. “मी लहान होते,” त्या सांगू लागल्या. “दुपारची वेळ. टाकीचं झाकण उघडं होतं. मी वाकले आणि तोल गेला. आत हिरवा काळोख. पायाला नळाचा पाइप लागला, त्यावर कशीबशी अंगठ्यांवर उभी राहिले. पाणी हनुवटीपर्यंत. वर गोल उजेड. मग एक हात आला आणि त्याने माझी वेणी धरली...”

“ब्रेक!”

“आता काय झालं?”

“कुठली वेणी?”

“माझी वेणी.”

“तुला वेणी होती? अगं, उवा झाल्या म्हणून आईने तुझा चकोट केला होता त्या सुट्टीत! डोक्यावर एक केस नव्हता. तू दिवसभर बाबांची टोपी घालून हिंडायचीस. वेणी मला होती, कमरेपर्यंत.”

बाईंचा हात आपोआप डोक्याकडे गेला. टोपी. बाबांची ती ढगळ टोपी, सारखी डोळ्यांवर यायची. तिच्या आत घामाचा आणि तेलाचा वास. ती त्यांना आठवली. इतक्या वर्षांत आठवली नव्हती, ती ही अशी धाडकन आठवली. पुस्तकात तिच्यावर अवाक्षर नव्हतं.

“मग मी...” त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

“थांब आता. मला लिहू दे,” ताई म्हणाली.

ताई लिहायला बसली. लिहिताना तिने एक डोळा बारीक केला होता आणि मान मधूनमधून आरशात बघावं तशी मागे वळत होती. दर वाक्यानंतर पाय जमिनीवर दाबायची. कागद फाटला, दुसरा घेतला. बाईंनी कित्येकांना लिहिताना पाहिलं होतं, पण कोणाच्या कागदाकडे अशी चोरून मान लांबवली नव्हती. ताईने चांगलं लिहू नये, असं वाटत होतं. लगेच स्वतःचीच लाज वाटत होती. आपण शिक्षिका ना!

शेवटी ताईने पेन ठेवलं, घसा साफ केला आणि वाचायला लागली. वाचणं कसलं, गाडी रिव्हर्स घ्यावी तसं अडखळत, थांबत चाललं होतं.

“मी टाकीत पडले. मला आत माझा आवाज घुमतो का ते बघायचं होतं. झाकण मीच काढलं. पडल्यावर पायाला पाइप लागला म्हणून बुडाले नाही. पण पाय घसरत होते. मला वर चिमी दिसली. डोक्यावर बाबांची टोपी. ती रडली नाही, कोणाला बोलवायला पळालीही नाही. तिने हात आत घातला आणि माझी वेणी धरली आणि मनगटाला गुंडाळली. ती माझ्याहून खूप लहान होती. मी म्हटलं, बाबांना बोलव. ती म्हणाली, गेले तर तू खाली जाशील.”

ताई थांबली. पाणी प्यायली.

“मला झोप यायला लागली. डोळे मिटायला लागले. तेव्हा चिमी म्हणाली, ताई, आत काय दिसतं? मी म्हटलं, काळोख. ती म्हणाली, कसला काळोख? मी म्हटलं, हिरवा. ती म्हणाली, आणि? मी म्हटलं, वर गोल उजेड. ती म्हणाली, आणि कानात काय ऐकू येतं? असं ती विचारत राहिली. मी गप्प झाले की वेणी ओढायची आणि पुन्हा विचारायची. मला राग यायचा, पण मी सांगायचे. बाबा आले तोपर्यंत मी तिला सगळी टाकी सांगितली होती. मला बाहेर काढलं तरी चिमीची मूठ उघडेना. बाबांना उघडता येईना, आईला येईना. शेवटी मी म्हटलं, चिमे, सोड आता, मी वर आले. तेव्हा तिने सोडली.”

ताईने कागद खाली ठेवला. स्वतःच लिहिलेल्या कागदाकडे तिने असं पाहिलं, जणू तिला तो कोणी दुसऱ्यानेच वाचून दाखवला होता.

“अगं बाई,” ती हळूच म्हणाली. “म्हणजे मी सांगितली होती की तुला. काठावरून. माझ्या तोंडाने.”

डॉक्टर रडत होते, पण ते अलीकडे तसेही रडायचे. लिफ्टवाले काका रडत होते. नियतीवर आणि कवितेवर पानंच्या पानं लिहिणारे ते दोन समीक्षक तिथे नव्हते, हे त्यांचं नशीब. तो हात कोणाचा, हे सापडलं होतं. तो टोपी घातलेल्या, चकोट केलेल्या एका पोरीचा होता. ती पोर आयुष्यभर त्याच हाताने लिहीत राहिली आणि तो हात कोणाचा म्हणून जगाला विचारत राहिली.

आता टाळ्या वाजायला हव्या होत्या. सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. शिरस्ता असा, की पहिली टाळी बाईंची. बाई टाळी वाजवेनात. वर्गाला वाटलं, मन होत नसेल, एवढी मोठी टाकी द्यायची म्हणजे काय खायचं काम आहे? पण तसं नव्हतं. बाईंचा उजवा हात रिकामा नव्हता. वाचन चालू असताना कधीतरी त्या जाळीवरून पुढे वाकल्या होत्या, आणि ताईची वेणी त्यांनी मुठीत धरून मनगटाला गुंडाळली होती. वेणी कसली आता, पांढरी, बुटाच्या नाडीएवढी. मनगटाला जेमतेम एक वेढा बसला होता.

“बाई, टाळी,” पार्लरवाली कुजबुजली. तिचं सगळं लग्न त्या टाळीवर अडून होतं.

“उघडत नाहीये गं,” बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. “मूठ उघडत नाहीये.”

काकांनी प्रयत्न केला. लिफ्टची अडकलेली दारं उघडणारे त्यांचे हात, पण एक बोट हलेना. डॉक्टरांनी खिशातून कसलातरी चिमटा काढला, तो सगळ्यांनी मिळून परत खिशात घालायला लावला. ताईची मान जाळीवर वाकडी झाली होती. इतर कोणी असतं तर तिने पाय आपटून खोली डोक्यावर घेतली असती. पण तिने पाय उचलला, आणि अलगद खाली ठेवला.

“चिमे,” ती म्हणाली. “सोड आता. मी वर आले.”

“नक्की?” बाईंनी विचारलं.

“नक्की. हे बघ ना, कोरडी ठणठणीत आहे. मला तीन मुलं झाली, नात झाली, अर्ध्या गावाला गाडी शिकवली. वर आले मी. केव्हाच आले.”

एक एक करून बोटं उघडली. तळहातावर वेणीचा वळ उठला होता. बाईंनी तो हात दुसऱ्या हाताशी नेला आणि टाळी वाजवली. मग सगळ्या वर्गाने टाळ्यांचा असा कडकडाट केला की खालच्या मजल्यावरचा वाचनालयाचा माणूस धावत वर आला. काकांनी त्याच टाळ्यांत डोळे पुसले, पार्लरवालीसमोर जाळीपाशी बसले आणि म्हणाले, “बसा. सांगतो तुम्हाला तुमचं लग्न. पहिल्यापासून सांगतो. तो दारात उभा होता आणि त्याच्या बुटाचा बंद सुटला होता...” पार्लरवाली पेन शोधू लागली.

ताईने आपला कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. “आज जाऊन नातीला सांगते,” ती म्हणाली. “आजी झोपली नव्हती. आजी आत होती आणि छोटी आजी बाहेर.” मग पर्सची चेन लावता लावता तिने बहिणीकडे पाहिलं. “काय गं? अशी का बघतेस? वाईट वाटतंय?”

बाई विचारात पडल्या होत्या. त्यांनी डोळे मिटून पाहिलं, पुन्हा मिटून पाहिलं. बाबांची टोपी होती. तापलेला काठ पोटाला भाजत होता. मनगटाला ओले केस होते, हात खांद्यातून उपटून येईल की काय अशी कळ होती, आणि एवढी भीती होती की रडूसुद्धा फुटत नव्हतं. हे सगळं त्यांचं होतं. पण काठाच्या आत काहीच नव्हतं. हिरवं नाही, गोल नाही, काही नाही. ताईचा वर केलेला चेहरा तेवढा होता.

“ताई,” त्यांनी विचारलं, “आत काय दिसतं गं?”

ताई जायला उठली होती. तिने पर्स परत टेबलावर ठेवली.

“सांगते,” ती म्हणाली. “पण लिहायचं नाही.”

“नाही लिहीत,” बाई म्हणाल्या, आणि जाळीला वळसा घालून त्या तिच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसल्या.